वाचकांचे प्रश्न : मॉरिशसच्या ताटातले मांस येते कोठून?

प्रश्न : माझा भाचा मॉरिशसमध्ये एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. दिवाळीला सोलापूरला आला असताना त्याने सांगितले की, तेथे कोंबडी बेटावरचीच आणि ताजी मिळते, मटण मात्र बहुतेक ऑस्ट्रेलियातून गोठवून आलेले असते. पुढे माझ्या पाहण्यात एक आलेख आला. १९६१ पासून तेथील मांसाचा दरडोई पुरवठा कितीतरी पटींनी वाढल्याचे त्यात दाखवले होते. हा आकडा कसा काढतात? पर्यटकांमुळे तो फुगलेला तर नसेल? शिवाय आपल्या जिल्ह्यासारखाच उसाने भरलेला तो देश उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, शेळ्या-गुरे पोसून स्वतःचे मटण का पिकवत नाही?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : देशातील उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातील चढउतार हिशेबात घ्यायचा आणि जे उरेल त्याला लोकसंख्येने भागायचे, असा हा आकडा निघतो. त्यामुळे तो पुरवठ्याचा आकडा आहे, प्रत्यक्ष खाण्याचा नव्हे. त्यात हाडांचे वजन असते आणि दुकानात, फ्रीजमध्ये किंवा ताटात वाया गेलेले मांसही मोजलेले असते.

पर्यटकांविषयीची आपली शंका रास्त आहे. मॉरिशसची लोकसंख्या १३ लाखांच्या आत आहे आणि २०१९ मध्ये तेथे जवळजवळ १४ लाख पर्यटक आले. त्यांचे खाणे वेगळे काढले नाही, तर ते रहिवाशांच्या नावावर जमा होते. तरीही थोडा हिशेब करून पाहू. प्रत्येक पाहुणा सुमारे १० दिवस राहतो असे धरले, तर १४ लाख पाहुणे म्हणजे वर्षभर राहणारी सुमारे ३८ हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या ३ टक्क्यांच्या आसपास. हॉटेलात त्यांनी घरच्यापेक्षा दुप्पट मांस खाल्ले, तरी कित्येक पटींची वाढ त्यातून निघत नाही. वाढ खरी आहे आणि ती मुख्यतः कोंबडीची आहे.

कोंबडीच का, याचे पहिले उत्तर तेथील समाजात आहे. लोकसंख्येत जवळजवळ निम्मे हिंदू, सुमारे एक तृतीयांश ख्रिस्ती आणि सुमारे सहावा हिस्सा मुसलमान आहेत. बहुतेक हिंदूंना गोमांस चालत नाही आणि मुसलमानांना डुकराचे मांस वर्ज्य आहे, त्यामुळे सर्वांच्या घरात चालेल असे स्वस्त मांस कोंबडीचेच उरते. दुसरे उत्तर जागेचे आणि वेळेचे आहे. मुख्य बेट १,९०० चौरस किलोमीटरही नाही, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाएवढे, आणि त्यातली बरीचशी शेतजमीन उसाखाली. ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते आणि तिला चराऊ रान लागत नाही.

मॉरिशस कोंबडी आणि अंडी यांत स्वयंपूर्ण आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. हा शब्द मला मात्र खाद्याचा हिशेब पाहिल्याशिवाय मान्य करता येत नाही. २ किलो वजनाची कोंबडी तयार व्हायला साधारण साडेतीन किलो खाद्य लागते. त्यात मुख्य घटक मका आणि सोयापेंड असतात आणि हा कच्चा माल बेटावर बाहेरून येतो. म्हणजे मांसाऐवजी त्याहून जड धान्य जहाजाने आणायचे आणि त्याचे मांस बेटावर करायचे, अशी ही व्यवस्था आहे. ती चुकीची नाही, कारण धान्याला शीतपेटी लागत नाही, रोजगार देशात राहतो आणि मांस ताजे मिळते. पण २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे जगभर धान्य महागले, तेव्हा अशा प्रत्येक देशाच्या कोंबडीला त्याची झळ पोचणे अटळ होते.

आता वाढ्यांचा प्रश्न, जो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतातून गेलेल्या कुटुंबांनी, ज्यांत आपल्या कोकणातली मराठी माणसेही होती, परसात गाई आणि शेळ्या पाळल्या त्या मोठ्या प्रमाणात उसाच्या वाढ्यांवर आणि बांधावरच्या गवतावरच. हे काम घरातल्या बायका करत. १९७० नंतर निर्यातीसाठी कापड-कपड्यांचे कारखाने उभे राहिले, बायकांना तेथे रोजंदारी मिळू लागली, मुले शिकली आणि रोज भारा वाहून आणणारे हात घरात उरले नाहीत. चारा होता, पण तो आणणारे माणूस नव्हते. शिवाय नुसत्या वाढ्यांवर जनावर पोसले जात नाही. त्यातले ऑक्झॅलेट शरीरातला चुना खेचून घेते आणि प्रथिने कमी पडतात. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची आपल्याकडची पद्धत याच अनुभवातून आली आहे आणि दुष्काळात चारा छावणीत जनावरे सांभाळलेल्या सांगोला-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. अशा गोठ्यांतून निघणारे मटण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अफाट कुरणांवर वाढलेल्या मेंढ्यांच्या मांसाशी भावात टिकणे कठीणच होते.

त्यात रोगांनी भर घातली. २००७ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवरने डुकरांचा बळी घेतला. २०१६ मध्ये मॉरिशसचाच भाग असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर लाळ्या-खुरकूत पसरली आणि पाठोपाठ मुख्य बेटावरही आली, तीही बकरी ईद महिन्याभरावर आली असताना. रॉड्रिग्ज हे मुख्य बेटाला गुरे, शेळ्या आणि मेंढ्या पुरवणारे बेट. पुरवठ्याची जवळची वाट एकच असली की रोगही त्याच वाटेने येतो.

प्रश्न : मॉरिशसमध्ये हरणाचे मांस उघडपणे विकले जाते, हे खरे आहे का? ते कायदेशीर कसे?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : खरे आहे. नान्नजच्या माळरानावरचे काळवीट आपल्या मातीतले आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीवर बंदी आहे. मॉरिशसचे हरीण तेथले नाही. डच गव्हर्नर आद्रियान व्हान डेर स्टेल याने १६३९ मध्ये ते जावा बेटावरून आणले आणि ऊसही त्याच सुमारास तेथूनच आणला. वटवाघळे सोडली तर त्या बेटावर मूळचा एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. मोकळी हरणे तेथील मूळ जंगलाची रोपे खाऊन टाकतात, म्हणून त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे जंगलाच्याही हिताचे आहे. मोठ्या जमीनदारीच्या मळ्यांवर ती कुंपणात पाळली जातात आणि शिकारीचा ठरावीक हंगाम असतो. हे मांस कोणत्याही धर्माला वर्ज्य नाही, त्यामुळे त्याला मागणी चांगली आहे, पण कोंबडीच्या तुलनेत त्याचे प्रमाण फार थोडे. जावा आणि बाली या मूळ बेटांवर मात्र हेच हरीण कमी झाले असून, जागतिक यादीत त्याची नोंद संकटाच्या छायेतील प्राणी म्हणून आहे.