श्रद्धा मनातली, मग तिचा जमीनजुमल्याशी संबंध काय?

तुम्ही विचारलंत की धर्मश्रद्धा ज्याच्या त्याच्या मनातली असते, तर अर्थकारण आणि व्यक्तिस्वातंत्र्य तिच्यात कुठून येतं. मी गोव्यातल्या फोंड्याचा. आमच्याकडे हे जमिनीतूनच येतं.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळं पाडली आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. कुठ्ठाळीचा मंगेश त्यांच्या हद्दीबाहेर, आमच्या फोंड्यातल्या प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मूर्ती होडीतून आणता आली, शेतं आणि माड मागेच राहिले. देव राखायचा तर घरदार सोडा, घरदार राखायचं तर देव सोडा! याला निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि याच सत्तेचं हिंदू व्यापाऱ्यांवाचून चालतही नव्हतं. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्धच्या वागण्याची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं, १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. त्या काळातही, सतराव्या शतकात, करवसुलीचे मक्ते बहुतेक हिंदूंकडेच होते. गाठीशी भांडवल असलेल्याला थोडा श्वास घेता येई. कुळाला कोण विचारतो?

पण परक्या सत्तेला बोल लावून आपण सुटत नाही. आमच्या देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळातल्या, १९३३ च्या कायद्यानुसार चालतो आणि महाजनकी, म्हणजे देवस्थानाच्या सभासदत्वाचा वंशपरंपरागत हक्क, घराण्यातल्या पुरुषांकडे जाते. कोमुनिदादीचं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचं, जोण (उत्पन्नातला वाटा) हेही परंपरेनं पुरुष गावकाराचं, गावच्या मूळ घराण्यातल्या पुरुषाचं. देवीपुढे ओटी भरणारी बाई देवीच्या हिशेबाच्या वहीत कुठे नसते, हे मला डाचतं.

मला आधार वाटतो तो आमच्या नागरी कायद्याचा. तो सर्व धर्मांना लागू आहे. मुलं असतील तर मृत्युपत्रानं निम्मीच मिळकत मर्जीनं देता येते. उरलेल्या निम्म्यात मुलगा-मुलगी दोघांचा हक्क. मुलीनं परधर्मात लग्न केलं म्हणून बापाला तिचा तो वाटा काढून घेता येत नाही. बापाच्या स्वातंत्र्यावर ही मर्यादा आहे, मान्य. तरी मी ती पत्करतो, कारण घरच्यांपेक्षा वेगळं मानणाऱ्या माणसाला पायाखाली काहीतरी लागतं.

फक्त, भावांशी संबंध तुटू नयेत म्हणून बहिणी नोटरीसमोर हक्कसोडपत्रावर सह्या करतात. हिंदू घरांत करतात, ख्रिस्ती घरांतही करतात.