स्पितीच्या मोटारसायकल प्रवासासाठी सोबत काय घ्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीचे तीन मित्र, तिघांकडेही 350 सीसीच्या बुलेट, सप्टेंबरमध्ये गाड्या रेल्वेने दिल्लीपर्यंत नेऊन सिमला आणि किन्नौरमार्गे हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत जायचे व काझाहून कुंझुम खिंड ओलांडून मनालीकडे उतरायचे, तर आठ-दहा दिवसांसाठी सामान काय आणि किती घ्यावे? मी बेळगावात राहते, या वाटेने मोटारसायकलवरून जाऊन आले आहे आणि आमच्या भागातून निघणाऱ्यांना सामान बांधायला नेहमी मदत करते, त्या आधारे हे सविस्तर लिहीत आहे.

यादीतल्या प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावेत. वाटेत अडलो तर ही वस्तू किती अंतरावर मिळेल, आणि ती मला माझ्या हातांनी वापरता येते का? रामपूर, रेकाँग पिओ, काझा आणि मनाली या गावांत साबण, टूथपेस्ट, पायमोजे, साधी औषधे, इंजिन ऑइल असे सगळे मिळते, त्यामुळे या वस्तूंचा साठा निपाणीहून वाहून नेण्यात अर्थ नाही. याउलट काझा सोडल्यावर कुंझुम, बातल, छत्रू ते ग्राम्फू या पट्ट्यात दगडगोट्यांचा रस्ता, त्यावरून वाहणारे ओढे आणि मोजके धाबे एवढेच असते. तिथे जे लागेल ते आपल्याजवळच हवे, आणि ते वापरण्याचे कसबही आपल्यातल्या कोणाकडे तरी हवे. ज्याला टायर उतरवता येत नाही त्याच्याजवळची पंक्चरची पेटी हे नुसते ओझे आहे, हे मी पुन्हापुन्हा सांगते, कारण खरेदीला उत्साह असतो आणि सरावाला वेळ नसतो.

रेल्वेचा प्रवास सामानावर आपोआप एक मर्यादा घालतो. गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट हजरत निजामुद्दीनला जाते. पार्सल कार्यालयात गाडी देताना पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडीला गोणपाट गुंडाळावे लागते आणि आरसी बुकाची प्रत द्यावी लागते. आरसे काढून स्वतःजवळ ठेवा, आणि गाडीला कोणतीही पिशवी बांधून देऊ नका. म्हणजे सर्व सामान आपल्याला डब्यातून न्यायचे आहे. ते दोन हातांत व पाठीवर घेऊन फलाटाचा जिना एका दमात चढता आला नाही, तर ते जास्त झाले आहे असे समजावे. पेट्रोलचा कॅन नवा कोरा घ्या. पूर्वी पेट्रोल भरलेला, वास येणारा कॅन रेल्वेत नेणे धोक्याचे आणि नियमबाह्य आहे. गाडी तुमच्याच रेल्वेने पोहोचेल याची खात्री नसते, म्हणून दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवा.

आता हत्यारे आणि सुटे भाग. तारेच्या चाकांच्या बुलेटमध्ये सहसा ट्यूब असते, आणि ट्यूबचे पंक्चर काढायचे म्हणजे चाक उतरवावे लागते. मागच्या अ‍ॅक्सलच्या नटाला बसणारा मोठा पाना तुमच्या टूलकिटमध्ये आहे का, हे आजच पाहा. तिघांच्या गाड्या सारख्या मापाच्या असतील तर एक पुढची व एक मागची ट्यूब, टायर उचकटायच्या तीन पट्ट्या, पॅच, सोल्युशन, खरवडायला काचकागद आणि पायाने मारायचा पंप एवढा एक संच तिघांत पुरतो. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोयीचा असला तरी पायपंप सोडू नये. दाब मोजायचा गेज मात्र अवश्य घ्या. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे खाली भरलेली हवा वर गेल्यावर गेजवर जास्त दिसते आणि दगडांवरून गाडी उडत चालते. अशा वेळी थोडी हवा कमी करावी लागते व मनालीकडे डांबरी रस्ता लागल्यावर पुन्हा भरावी लागते.

क्लच वायर आणि अ‍ॅक्सिलरेटर वायर या दोन वस्तू प्रत्येकाकडे स्वतंत्र असाव्यात. क्लचची नवी वायर निघण्यापूर्वीच जुन्या वायरीच्या शेजारून ओवून, टोके गुंडाळून ठेवली, तर तुटल्यावर टाकी न उघडता दहा मिनिटांत काम होते. आपल्या मेकॅनिकला सांगितले की तो हे करून देतो. गाडी दगडांत आडवी झाली की बहुधा क्लचचा किंवा ब्रेकचा लिव्हर मोडतो, म्हणून दोन्हींचा एकेक जोड तिघांत ठेवा. त्यासोबत स्पार्क प्लग, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनचा जोड, एम-सील, केबल टाय, इन्सुलेशन टेप, थोडी बारीक तार आणि चेनला मारायचा स्प्रे. इंजिनखाली दगड लागून ऑइल झिरपू लागले तर एम-सीलवर काझा किंवा मनाली गाठता येते. गाडी जुनी, कार्बोरेटरची असेल तर विरळ हवेत ती जास्त पेट्रोल ओढते, प्लग काळा पडतो आणि चढाला दम कमी पडतो. त्यासाठी प्लगचा पाना वरच्या खिशात असू द्या.

पेट्रोलची चिंता लोक गरजेपेक्षा जास्त करतात. रेकाँग पिओखाली पवारीला टाकी भरली की काझापर्यंत सुमारे 200 किलोमीटर होतात, आणि काझाहून मनालीची बाजू गाठायला पुन्हा जवळपास तेवढेच. बुलेटची टाकी 13 लिटरच्या आसपास असते, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरचा रस्ता धरूनही ती पुरते. तरीही चंद्रताल सरोवराकडे वळायचे असेल किंवा वाटेत रस्ता बंद होऊन मागे फिरावे लागले, तर उपयोग व्हावा म्हणून तिघांत मिळून पाच लिटरचा एक धातूचा कॅन काझात भरून घ्यावा. पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल नेऊ नये.

कपड्यांच्या बाबतीत हवामान समजून घेतले की निम्मे प्रश्न सुटतात. किन्नौरच्या खालच्या भागात सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस आणि दरडी असतात, पण नाकोच्या पुढे स्पिती पर्जन्यछायेत येते. आपल्याच जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस कोसळत असताना अथणीत धूळ उडत असते, तसाच हा फरक आहे, फक्त त्यात कडाक्याची थंडी मिसळा. म्हणजे पावसाची आणि थंडीची अशी दोन्ही तयारी लागते. अंगालगत सुती बनियन नको, कारण घामाने किंवा पावसाने ओले झालेले सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते. व्यायामाचे कृत्रिम धाग्याचे कपडे किंवा पातळ लोकर चांगली. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर पाठ, खांदे व कोपरांना संरक्षण देणारे रायडिंग जाकीट, आणि सर्वांत वर दोन तुकड्यांचा रेनसूट. आपल्याकडे पावसात वापरतो तो लांब एकसंध रेनकोट मोटारसायकलवर फडफडतो आणि मांडीवर पाणी साठवतो, तो घरीच ठेवा. अंगालगतच्या कपड्यांचे दोन जोड आणि झोपायचा एक कोरडा जोड पुरे. झोपायचा जोड कितीही थंडी वाजली तरी दिवसा घालू नका, कारण तो भिजला की रात्र कठीण जाते.

हातांकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. ओढ्यांचे पाणी सकाळी कमी असते आणि ऊन चढून बर्फ वितळले की दुपारी वाढते, म्हणून कुंझुमचा टप्पा पहाटे लवकर सुरू करावा लागतो, आणि त्या वेळी बोटे इतकी गारठतात की क्लच दाबायला नीट जोर येत नाही. हातमोज्यांचे दोन जोड घ्या: एक रोजचा, बोटांच्या सांध्यांना संरक्षण देणारा, आणि दुसरा जाड व पाणी न शिरणारा. जाड हातमोजे दुकानातच घालून क्लच, ब्रेक आणि हॉर्नचे बटण दाबून पाहावे. पायांसाठी घोट्याच्या वर येणारे मजबूत बूट हवेत. खानापूरकडे भातलावणीला वापरतात तसले रबरी गमबूट ओढ्यांत पाय कोरडे ठेवतात हे खरे, पण गाडी पायावर पडली तर घोट्याला त्यांचा काही आधार नसतो. म्हणून मी मजबूत बूटच घालते, आत जाड लोकरी मोजे आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी. मोज्यांचे चार जोड जास्त नाहीत.

पिशव्या बांधण्यासाठी दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडल बॅगा आणि सीटवर आडवी एक छोटी बॅग ही मांडणी चांगली. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, ट्यूब व ऑइल, बाजूच्या बॅगांत तळाशी आणि शक्य तितक्या पुढे; हलके कपडे वर. सगळे वजन मागच्या कॅरिअरवर चढवले की चढाला पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकत नाही. बॅगांना टेकू देणारा लोखंडी सांगाडा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही चांगल्या वेल्डरकडून मापाने करून घेता येतो. बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, हे माणूस मागे बसवून तपासा, कारण रिकाम्या गाडीवर सुटलेले अंतर वजनाने कमी होते. बॅगांच्या वरच्या रेन कव्हरवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक वस्तू आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली हवी.

हे सर्व बांधून झाले की ऑगस्टमध्ये एका रविवारी पूर्ण सामानासह जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट किंवा शिनोळीमार्गे आंबोली अशी फेरी करा, तीही भर पावसात. कोणती बॅग सरकते, पाणी कुठून शिरते, हातमोजे कधी दगा देतात, हे तिथेच कळते, आणि घर जवळ असताना कळते. वाटेत एका ठिकाणी थांबून मागचे चाक प्रत्येकाने एकदा काढून बसवावे. हिमालयाइतकी उंची आपल्याकडे नाही, पण पाऊस, चिखल, धुके आणि वळणे यांची परीक्षा खानापूर तालुक्यात पुरेपूर होते.

उंचीचा त्रास हा सामानाइतकाच नियोजनाचा विषय आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर, तर कुंझुम साडेचार हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब, आणि म्हणून श्वासागणिक मिळणारा प्राणवायू, समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे 57 टक्केच असतो. किन्नौरकडून जाण्याचा तुमचा बेत योग्य आहे, कारण उंची हळूहळू वाढते. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. पॅरासिटामॉल, ओआरएस, जुलाबावरचे औषध, क्रेप बँडेज, जखमेचे साहित्य आणि रक्तातला प्राणवायू मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढे असावे. प्राणवायूचे हलके डबे काही मिनिटांतच संपतात. त्यांच्या भरवशावर कोणी आजारी माणसाला घेऊन वर चढू नये. डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले तर खाली उतरणे हाच उपाय.

खाण्याला जागा थोडीच द्या. जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगाची चटणी, गूळ आणि शेंगदाणे हे आपल्याकडचे पदार्थ टिकतात, शिजवावे लागत नाहीत आणि धाबा बंद असला तर एक वेळ भागवतात. कुंदा ही बेळगावची मिठाई न्यायचीच असेल तर ती रेल्वेतच संपवावी. वर हवेचा दाब कमी झाल्याने बंद पाकिटे फुगतात व तेलाच्या बाटल्या पाझरतात, म्हणून चटणी कोरडीच न्या. तंबू, स्टोव्ह आणि स्लीपिंग बॅग यांची या मार्गावर गरज नाही. गावोगावी होमस्टे आहेत आणि तिथे जाड रजया मिळतात. जीन्स, लॅपटॉप आणि जास्तीचे बूटही नकोत.

कागदपत्रांत आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी यांच्या मूळ प्रती हव्यात, कारण नेटवर्क नसले की मोबाइलमधली कागदपत्रे उघडतीलच असे नाही. आपल्या भागात गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असणे नेहमीचे आहे; तसे असेल तर त्यांचे सहीचे संमतिपत्र व ओळखपत्राची प्रत घ्या. तिघांपैकी एकाकडे तरी बीएसएनएलचे सिम असावे, आणि नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. रोख रक्कम सिमल्यातच काढून तिघांत विभागून ठेवा. प्रत्येकाच्या जाकिटात नाव, रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि घरचे दोन क्रमांक लिहिलेले कार्ड असावे, आणि ते हिंदीत व इंग्रजीत लिहिलेले असावे, म्हणजे तिथल्या माणसाला वाचता येईल. गाडीची दुसरी किल्ली आपल्या बॅगेत न ठेवता सोबत्याच्या खिशात द्या.