टाऊक प्लॉट नंतर, आधी सॅम्पल साफ कर

भावा, तुझ्या कॅडमियम सल्फाइडच्या क्वांटम डॉट्सचा (म्हणजे काही नॅनोमीटरच्या कणांचा) यूव्हीचा ग्राफ बघितला, कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला तो, घाबरू नको, पहिल्यांदा सगळ्यांचाच असा येतो. आपल्या सोलापुरी चादरीचा रंग बदलायचा तर डाय बदलावा लागतो, इथं मात्र माल तोच, नुसता कण बारीक झाला की रंग बदलतो, हीच तर गंमत आहे (2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल यालाच मिळालं). कॅडमियम सल्फाइडच्या मोठ्या कणांचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी कमीत कमी ऊर्जा) 2.42 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे शोषण साधारण 512 नॅनोमीटरपाशी सुरू होतं, तुझी शोषणाची कड 420 ला आलीय, 1240 भागिले 420 केलं (नॅनोमीटरवरून इलेक्ट्रॉन व्होल्ट असेच काढतात) की 2.95 येतात, गॅप वाढला, म्हणजे कण खरंच बारीक झालेत, शाब्बास.

पण ती 600 च्या पुढची तिरकी शेपटी आहे ना, ते शोषण नाही, गढूळपणा आहे, कण गोळा झालेत आणि प्रकाश विखुरतोय, तसाच टाऊक प्लॉट (शोषणाच्या ग्राफवरून बँडगॅप काढायचा आलेख) काढलास तर गॅप चुकणारच. सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून (जोरात फिरवून, गोळे तळाला बसवून) ग्राफ परत घे.

पीएलला (फोटोल्युमिनेसन्स, प्रकाश टाकल्यावर सॅम्पल स्वतः सोडतं तो उजेड मोजताना) सॅम्पल पातळ ठेव, अॅब्सॉर्बन्स, म्हणजे शोषणाचा आकडा, 0.1 च्या आत. मी 350 नॅनोमीटरचा प्रकाश टाकून 700 ला मस्त टोकदार पीक आलं म्हणून आठवडाभर नाचत होतो, तो लॅम्पचाच सेकंड ऑर्डर (टाकलेलाच प्रकाश, मशीनच्या ग्रेटिंगमुळे दुप्पट तरंगलांबीवर दिसलेला) निघाला, गाईड काय हसले!

आणि मे महिन्यात क्युवेटला (सॅम्पल ठेवायच्या चौकोनी पारदर्शक नळीला) झाकण लावच, आपल्याकडच्या उन्हात सॅम्पलमधला क्लोरोफॉर्म बघता बघता उडतो.