ईव्हीत दोन मोटर असल्या की ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद, चालतं कसं, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

हाच प्रश्न आमच्या साडूंनी गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर मला टाकला होता, फक्त टोमण्याच्या सुरात. "खाली दांडाच नाही, मग ही कसली फोर बाय फोर?" त्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे, लिव्हरवाली, आणि तिचं कौतुक ऐकल्याशिवाय कुणाला आरती मिळत नाही.

दांडा म्हणजे पुढची-मागची चाकं जोडणारा शाफ्ट, तो नसतो हेच तर भारी आहे ना. पुढच्या अ‍ॅक्सलला एक मोटर, मागच्याला एक, मधे नुसत्या वायरी आणि सॉफ्टवेअर. माझ्या हॅरियर ईव्हीत पुढे १५८ पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) इंडक्शन आणि मागे २३८ पीएसची मॅग्नेटवाली. इंडक्शनचा फायदा असा की करंट काढला की ती मोकळी फिरते, चुंबकच नाही तर ओढ कसली, म्हणून रेंज फारशी मार खात नाही. किया ईव्ही६ मधे पुढेही मॅग्नेटवालीच, म्हणून तिथे ती चाकांपासून सोडवायची सोय दिलीये.

तर दुसऱ्या दिवशी साडूंना मागच्या सीटवर बसवलं आणि सासुरवाडीची घाटी चढवली, गुहागरकडची, जांभ्याची, पावसात नुसतं शेवाळ. वळणावर पुढचं डावं चाक घर्रकन फिरलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि तेवढ्यात मागून ढकलून गाडी वर. चाक सटकलं की मोटरचा टॉर्क मिलिसेकंदांत कमी-जास्त होतो, इंजिनाला ते जमत नाही. डावं-उजवं मात्र ब्रेक लावूनच सांभाळतात, डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर, साधंच असतं. साडू म्हणाले, "टायर नवे आहेत तुमचे."

आणि स्वतः वरच्या काँक्रीटवर जीपचा लिव्हर फोर-एचलाच (चारही चाकं जोडलेली) ठेवून वळवतात, मग स्टिअरिंग जड होतं, टायर ओरडतात. होणारच, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि दांडा म्हणतो दोघांनी सारखंच फिरा. दोन मोटरना ही भानगडच नाही.

पैशाचं म्हणाल तर हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी एक मोटर बास, उगाच हौस करू नका. गाव घाटात असेल तर घ्या. हां, ब्रेक मारल्यावर गाडी यामुळे लवकर थांबते असं नाही, झिजलेल्या टायरवर चार काय आठ मोटर लावा, उपयोग शून्य. आणि लो-रेंजचा, म्हणजे सावकाश पण जोरात ओढणारा, गिअर सहसा नसतो, तासन्‌तास दगडांतून रांगायचं असेल तर मोटर तापते, तिथे जीपच बरी. साडूंना हे सांगू नका.