बाबांची सही चालतेय तोवर
बाबा स्वतः सही करताहेत तोवरच बँकेत जाऊन ये. खातं नुसतं जॉइंट असून भागत नाही. त्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणाही एकाची सही चालेल, असं आहे का ते बघ. दोघांच्या सह्या लागत असतील, तर एक जण आयसीयूत गेला की पैसे अडकलेच. बाबांची सत्तरी झाली असेल तर सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार. मात्र योजनेतल्याच रुग्णालयात.

बाबांची सेवा करायला मावशी ठेवताना, माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला आधीच विचार: सुट्टीला बदली कोण, डायपर बदलणं कामात धरलंय का? पुढे यावरूनच वाजतं. आणि हो, कमोडशेजारी आधाराचा दांडा भिंतीत ड्रिल करूनच बसव, चिकटवायचे नकोत. बाबा कुरकुरतील, कुरकुरू देत.