चित्र झाकून वाचू दे

प्रिय बेटा,

चित्राखालचं 'कमळ' तुझ्या वर्गातला तो तिसरीतला मुलगा खडाखडा वाचतो आणि फळ्यावर तेच लिहिलं की गप्प होतो, म्हणून आणखी चित्रं लावू का, असं तू विचारलंस. नको लावू. तो अजून वाचत नाहीये, चित्राचं नाव सांगतोय. पोरगा हुशार आहे, अडलं की वाट काढतो. नागपुरात बर्डीवरून जाताना हल्दीरामची पाटी तो लांबूनच ओळखत असेल, पण रंगावरून. तेच नाव कोऱ्या कागदावर पेन्सिलनं लिहून दे आणि बघ.

चित्र झाकून वाचता आलं पाहिजे. मी चित्रावर तळहात ठेवते तेव्हा नव्या शिक्षिकांना मी कठोर वाटते. वाटू दे. डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचायला जड जाणं, असलेल्या मुलाचं अडतं ते अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना. चित्र शेजारी असलं की ती सांगड घालायच्या आधीच नजर तिकडे पळते.

चित्र वापर, पण अक्षराच्या आत. १९८४ साली अमेरिकेत वाचनाच्या अभ्यासक लिनिया एरी आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांवर हे तपासलं होतं. अक्षराच्या आकारातच गुंफलेल्या चित्रानं अक्षराचा आवाज लक्षात राहिला, नुसत्या शेजारच्या चित्रानं तितका नाही. तुझ्या पोराचा गोंधळ 'ब' आणि 'व'चा आहे ना? 'व'च्या पोटात गोल वडा काढ. 'ब'च्या पोटात बटाटा, आणि तिरपी रेघ म्हणजे सुरीची चीर. दोन्ही एकाच दिवशी नको. मग चित्र फिकं करत जा. आधी रंग जाऊ दे, मग नुसती कड, शेवटी कोरं अक्षर. लोक इथेच थांबतात. इतवारीतून चार्ट पेपर आणतात, सुंदर कार्डं करतात, लॅमिनेट करतात, आणि ती वर्षभर भिंतीवर तशीच!

चित्राचं नाव त्याच्या घरचं हवं. 'ट'साठी टोमॅटो दाखवलास आणि तो 'भेदरं' म्हणाला, तर त्याला चूक म्हणू नकोस. टोपी काढ.

गोष्टीच्या पुस्तकातली चित्रं मात्र हिरावून घेऊ नकोस. तू वाचून दाखवताना, गप्पा मारताना ती हवीतच. त्याची पाळी आली की झाक.

डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, दिव्यांग प्रमाणपत्राचं त्याच्या आईला जरूर सांग. पण त्यासाठी शिकवणं थांबवू नकोस. माझ्याकडे मुलं यायची ती सातवी-आठवीत. 'आळशी' ऐकून ऐकून त्यांनी पुस्तक उघडणंच सोडलेलं असायचं. ती रुखरुख अजून जात नाही. तुझा तिसरीत आहे, म्हणून एवढी मागे लागतेय.

या आठवड्यात वन, वर, वजन एवढंच घे. बस आणि बदक 'व' पक्का झाल्यावर. आणि झाकून घे.

तुझ्या बाई