मुख्याध्यापक झालात ना? आधी पालकांची समिती खरी करा

तुम्ही विचारलंय की महापालिकेची शाळा नुकतीच हाती आलीय, बाहेर वातावरण तापलेलं आहे, तर शाळेत न्याय आणि लोकशाही कशी रुजवायची. माझी सगळी नोकरी नागपुरात मनपाच्या शाळांत गेली, म्हणून लिहिते.

संविधानाची उद्देशिका परिपाठात २०२० पासून वाचतातच, पोरांना तोंडपाठ आहे. त्याच शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचं, म्हणजे पालकांच्या समितीचं, रजिस्टर शिपायाबरोबर वस्तीत फिरतं आणि न झालेल्या सभेवर सह्या होतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा बायकांना दिल्या. अध्यक्ष पालक, मुख्याध्यापक नुसता सचिव. हा हक्क मुख्याध्यापकच दाबून बसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या शेवटच्या शाळेत खाली मराठी माध्यम, वर उर्दू. इमारत एक, मुख्याध्यापक दोन, समित्या दोन. आमच्या आया धुणीभांडी करणाऱ्या नाहीतर बांधकामावर जाणाऱ्या, म्हणून सकाळची सभा मी संध्याकाळी सातला नेली. शाळा अनुदान आलं होतं. तपासणी तोंडावर होती आणि शिक्षकांना दर्शनी भिंत रंगवायची होती. मागून एक बाई उठली, "भिंतीचं राहू द्या जी मॅडम. पोट्ट्या दिवसभर पाणीच पेत नाहीत." काहून? तर मुलींच्या संडासाला कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दाराच्या भोकात ओढणी ओवून धरून ठेवायची. मधल्या सुट्टीत मुलं मुद्दाम ओढणी खेचायची, म्हणून मुली पाणी प्यायचंच टाळायच्या.

संडास दोन्ही शाळांचा, म्हणून वरच्या उर्दू शाळेच्या समितीलाही बोलावलं. त्यातली एक आई म्हणाली, "हमारी बच्चियाँ तो घर आने तक रोक के रखती हैं." मग पैसे कोणी किती द्यायचे यावर कडाक्याचं भांडण झालं. शेवटी निम्मे निम्मे ठरले. इतवारी बाजारातून कड्या, बिजागऱ्या आणायला दोन्हीकडच्या बाया एकत्र गेल्या. भिंत तशीच राहिली.

१७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात दंगल झाली, कितीतरी पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. महापालिकेवर तेव्हा २०२२ पासून प्रशासक होता, म्हणजे धावून यायला नगरसेवकही नव्हता. संचारबंदी उठली तरी पोरं येईनात. तेव्हा ह्याच बाया जोडीने घरोघर गेल्या. कड्यांवरून भांडलेल्या, त्यामुळे एकमेकींना नावानिशी ओळखत होत्या. सगळी मुलं परतली नाहीत, काहींनी नावं काढून नेली. पण बरीचशी आली.

आमचे एक ज्येष्ठ मुख्याध्यापक वर्षानुवर्षं प्रत्येक बैठकीत मला ऐकवायचे, "अडाणी पालकांना बोलू दिलं की डोक्यावर बसतात." ह्याच नागपुरात जाईबाई चौधरी या दलित शिक्षिकेची नोकरी जातीवरून गेली आणि पुढे १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. त्या शहरात मुख्याध्यापकाने पालकांना अडाणी म्हणावं, याची मला आजही चीड येते. कडी नाही हे त्या सरांना त्यांच्या शाळेत कधी कळलं असतं का?

वर्गात धर्मावरून प्रश्न आला तर काय, हेही तुम्ही विचारलंय. गप्प करू नका, उत्तर द्या. त्याचं तंत्र तुमच्या इतिहासाच्या शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

हो, संध्याकाळच्या सभेची परवानगी लेखी घ्या आणि शिक्षिकांच्या घरी परतण्याची सोय आधी बघा. समिती एखाद्या पुढाऱ्याच्या माणसाच्या हातात जाऊ शकते, आमच्याकडेही तसा प्रयत्न झाला. म्हणून निवड भरल्या पालकसभेत हात वर करून घ्या, केबिनमध्ये नको. आणि पहिली सभा शनिवारी ठेवू नका. त्या दिवशी मजुरीचा चुकारा आणि बाजार असतो, कोणीही येणार नाही.